ब्लेंडेड लर्निंगवर विद्यार्थी समाधानी आहेत का? फॉर्मची लिंक टाकण्याआधी हे वाचा

सत्र संपत आलं की नर्सिंग, वैद्यकीय, फिजिओथेरपी, सगळ्याच कॉलेजांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक पडते. खाली मेसेज: 'सगळ्यांनी आजच भरा, भरल्यावर डन लिहा.' फॉर्ममध्ये एक मोघम प्रश्न असतो, ब्लेंडेड लर्निंगबद्दल तुम्ही समाधानी आहात का, आणि खाली पाच पर्याय. सरासरी चारच्या वर निघते, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलीत जाते, आणि पुढच्या बॅचला तेच व्हिडिओ त्याच वेळापत्रकाने दाखवले जातात. कुठे काय अडलं हे कुणालाच कळलेलं नसतं.

एखादा विषय ब्लेंडेड, म्हणजे काही ऑनलाइन आणि काही प्रत्यक्ष अशा मिश्र पद्धतीने शिकवणाऱ्या आणि त्याचा फीडबॅक घ्यायची जबाबदारी अंगावर पडलेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. उदाहरणासाठी बी.एस्सी. नर्सिंगच्या नर्सिंग फाउंडेशनमधला एकच भाग धरू: लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर घालणं. व्हिडिओ हॉस्टेलवर पाहायचा, छोटी ऑनलाइन क्विझ द्यायची, स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात बसवायचा आणि मग वॉर्ड. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा. टप्पे मागेपुढे केले की गोंधळ होतो, विशेषतः तिसरा टप्पा.

१. आधी मिश्रण कागदावर मांडा

ब्लेंडेड म्हणजे एक वस्तू नाही, चारपाच वस्तूंची मोट आहे. त्यामुळे 'ब्लेंडेड आवडलं का' या प्रश्नाला विद्यार्थी ज्या वस्तूची आठवण ताजी आहे तिच्याबद्दल उत्तर देतात. काल क्विझ हँग झाली असेल तर सगळंच वाईट.

एका कागदावर चार रकाने आखा: काय, कुठे, किती वेळ, आणि कशाच्या जागी. पहिले तीन कुणीही भरतं. चौथा बहुतेक वेळा रिकामा राहतो आणि नाराजीचं खरं मूळ तिथेच असतं. वीस मिनिटांचा व्हिडिओ आला, पंधरा मिनिटांची क्विझ आली, पण एक तासाचं जुनं लेक्चर तसंच राहिलं, तर तुम्ही अभ्यासक्रम मिश्र केलेला नाही, दीडपट केला आहे. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग आणि संध्याकाळी 'उद्यापर्यंत पाहून या' अशा दिवसात मुली व्हिडिओ दुप्पट वेगाने लावतात किंवा नुसता चालू ठेवून फोन उशाला ठेवतात. मग फॉर्म सांगतो की व्हिडिओ 'उपयुक्त नाहीत'. व्हिडिओ चांगला असेलही, त्याला वेळच दिलेला नव्हता.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२१ च्या मसुद्यात विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घेण्याची मुभा सुचवली होती. तो आकडा आरोग्य शाखांना सरसकट लावू नका. आपापल्या शाखेच्या परिषदेचे तासांचे नियम पाहा, आणि वॉर्डातले तास ऑनलाइनच्या खात्यात चुकूनही धरू नका.

*तपासा:* चौथ्या रकान्यात दोनपेक्षा जास्त ठिकाणी 'कशाच्याही जागी नाही' असं आलं, तर समाधान मोजायची घाई नको. आधी वेळापत्रक दुरुस्त करा. उत्तर तुम्हाला आत्ताच माहीत आहे.

२. प्रत्येक प्रश्नासमोर निर्णय लिहा

फॉर्म उघडायच्या आधी एक यादी करा. डावीकडे काय जाणून घ्यायचंय, उजवीकडे त्यावरून काय बदलता येईल. व्हिडिओ आणि स्किल लॅब यांत किती दिवसांचं अंतर जास्त वाटतं? त्यावरून लॅबचं वेळापत्रक बदलता येतं. क्विझनंतर चूक का झाली ते कळलं का? त्यावरून प्रत्येक पर्यायाखाली स्पष्टीकरण घालता येतं. 'इंटरनेटचा वेग कसा होता?' यावर विभाग काहीच करू शकत नसेल तर विचारू नका. व्हिडिओ डाउनलोड करून देण्याची तयारी असेल तर मात्र विचारा, कारण मग त्यावर निर्णय आहे.

उजवी बाजू रिकामी असलेला प्रश्न काढून टाका. एचओडी (विभागप्रमुख) 'हाही एक टाकून द्या' म्हणतात, तेव्हा ही यादी पुढे ठेवली की काम सोपं होतं.

३. परवानगी कधी लागते ते आत्ताच ठरवा

नुसती विभागांतर्गत सुधारणा करायची असेल तर विभागप्रमुखांची संमती सहसा पुरते. पण 'बघू, चांगला निघाला तर संशोधनाचा पेपर करू' असा विचार कोपऱ्यात असेल तर एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे, आधी जा. डेटा गोळा झाल्यावर परवानगी मागणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे आणि ती नंतर सुधारता येत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अगदी कमी जोखमीच्या अभ्यासांना पूर्ण तपासणीतून सूट मिळू शकते. ती सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. 'आमचं तर फक्त फीडबॅक आहे' असं म्हणून ती आपणच आपल्याला द्यायची नसते.

*सावधान:* प्रवेशाचं किमान वय १७ आहे. पहिल्या सत्राच्या वर्गात काही विद्यार्थी अजून १८ चे झालेले नसतात. संशोधन असेल तर त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि त्यांची स्वतःची तयारी या दोन्ही गोष्टी लागतात. कमिटीने यात काही मोकळीक दिली तर ती लेखी घ्या. ही बाब बहुतेकांच्या प्रस्तावात राहून जाते आणि अर्ज परत येतो.

४. प्रश्न लिहा: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

पंधरा ते वीस प्रश्न पुरतात. पहिल्या टप्प्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी तीनचार, आणि त्यांची एकमेकांशी सांधेजोड कशी झाली यावर तीनचार. ही सांधेजोड लोक विसरतात. व्हिडिओ उत्तम, लॅबही उत्तम, पण व्हिडिओतल्या ताईंनी किट एका क्रमाने उघडलं आणि लॅबमधल्या मॅडमनी दुसऱ्या, तर विद्यार्थिनी मॅनिकिनसमोर अडते. व्हिडिओवरचे आणि लॅबवरचे सुटे प्रश्न हे पकडत नाहीत. त्यासाठी सरळ विचारा: 'व्हिडिओत दाखवलेला क्रम आणि लॅबमध्ये शिकवलेला क्रम सारखाच होता.' वॉर्डात मग तिसराच क्रम दिसतो. त्यावरही एक प्रश्न ठेवा.

नेहमी दिसणाऱ्या चुका अशा.

एका वाक्यात दोन प्रश्न. 'व्हिडिओ सोपे आणि रंजक होते.' सोपे होते पण कंटाळवाणे, असं वाटणाऱ्याने काय निवडायचं? वाक्यात 'आणि' दिसला की थांबा.

'पाहिला नाही' हा पर्यायच नसणं. ज्याने व्हिडिओ उघडलाच नाही तो मधला पर्याय निवडतो, आणि तुम्ही त्याला 'तटस्थ' म्हणून मोजता. प्रत्येक ऑनलाइन घटकासमोर हा सहावा पर्याय ठेवा आणि सरासरीत तो धरू नका. बऱ्याचदा फॉर्ममधली सर्वांत कामाची माहिती हीच ठरते.

उत्तर सुचवणारी वाक्यं. 'व्हिडिओमुळे माझा आत्मविश्वास वाढला' याला हो म्हणणं सोपं आहे. त्याऐवजी वागणुकीबद्दल विचारा: 'लॅबला येण्याआधी मी हा व्हिडिओ पूर्ण पाहिला होता', 'वॉर्डात जाण्याआधी मी तो पुन्हा उघडला.' शेवटच्या वाक्याला मिळणारा 'हो' दहा 'उपयुक्त'पेक्षा जास्त सांगून जातो.

भाषा. पुस्तकं इंग्रजीत असली तरी फॉर्म इंग्रजीतच हवा असं काही नाही. प्रत्येक प्रश्न मराठीत लिहा, आणि महाराष्ट्राबाहेरचे विद्यार्थी असतील तर खाली इंग्रजी द्या. पण इंग्रजी प्रश्नावलीचा स्वतःच मराठी तर्जुमा करून लगेच वापरू नका. दुसऱ्या कुणाकडून तो परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडून पाहा. अर्थ कुठे सरकला ते तिथे दिसतं.

आयती प्रश्नावली वापरायचा मोह होतो. ऑनलाइन शिक्षणासाठी कम्युनिटी ऑफ इन्क्वायरी नावाच्या मांडणीवर आधारलेली ३४ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. शिक्षकाचा सहभाग, सहाध्यायांशी नातं आणि विचारांची प्रक्रिया हे तिचे तीन भाग. ती चांगली आहे, पण तिला वॉर्ड माहीत नाही आणि मॅनिकिनही नाही. ती घ्यायची तर पूर्ण घ्या आणि तुमचे क्लिनिकल प्रश्न वेगळ्या भागात जोडा. तिच्यातले आवडले तेवढे बारा प्रश्न उचलून नाव मात्र तिचंच द्यायचं, हे चालत नाही.

शेवटी दोनच मोकळे प्रश्न: 'या भागातली कोणती एक गोष्ट बंद करावी?' आणि 'कोणती एक गोष्ट तशीच ठेवावी?' 'काही सूचना?' असं विचारलंत तर 'सगळं छान आहे मॅडम' एवढंच हाती लागेल.

५. पाचसहा जणांकडून मोठ्याने वाचून घ्या

वरच्या वर्षातल्या पाचसहा विद्यार्थ्यांना बसवा. प्रत्येक प्रश्न वाचायला लावा आणि विचारा, 'यात काय विचारलंय असं तुला वाटतं?' उत्तर काय दिलं याच्याशी इथे घेणंदेणं नाही, प्रश्न कसा समजला एवढंच पाहायचंय. कुणी 'ऑनलाइन सत्र' म्हणजे झूमवरचं लेक्चर धरतं, कुणी यूट्यूबची लिंक. असे शब्द इथेच सापडतात. प्राध्यापकांकडून 'तपासून' घेतलेल्या फॉर्ममध्ये ते सापडत नाहीत, कारण प्राध्यापकांना तुम्हाला काय म्हणायचंय ते आधीच माहीत असतं.

मोबाइलवर फॉर्म किती मिनिटांत भरून होतो हेही घड्याळ लावून पाहा. सातआठ मिनिटांच्या पुढे गेला तर कापा.

६. नाव लपवा, आणि लपलंय हे दिसू द्या

अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांनीच 'मोकळेपणाने लिहा' म्हणणं म्हणजे विद्यार्थ्याला पेचात टाकणं आहे. म्हणून लिंक विषय शिकवणाऱ्याने पाठवू नये. दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याने किंवा शिक्षण विभागाच्या समन्वयकाने पाठवावी आणि फॉर्मची मालकीही त्यांच्याकडेच ठेवावी.

गुगल फॉर्ममध्ये या गोष्टी एकेक करून पाहा:

ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना? संस्थेच्या खात्यावरून फॉर्म बनवला तर तो आधीच चालू असू शकतो.

'एकदाच उत्तर' हा पर्याय लावलात तर भरणाऱ्याला लॉगिन करावं लागतं. त्याचा ईमेल तुम्हाला दिसत नसला तरी त्याला ते माहीत नसतं. एखादा दोनदा भरेल ही जोखीम त्यापेक्षा परवडली.

उत्तरांच्या शीटमध्ये तारीख-वेळेचा रकाना आपोआप येतो. आणि ग्रुपवर 'डन मॅडम' लिहिलेल्याची वेळही दिसते. दोन्ही शेजारी ठेवले की दहा मिनिटांत कुणी काय लिहिलं ते उघडं पडतं. म्हणून 'डन लिहा' हा मेसेज कायमचा बंद करा आणि शीट विषय शिक्षकाला देण्याआधी तो रकाना काढून टाका.

वय, लिंग, गाव, हॉस्टेल अशी माहिती सवयीने विचारू नका. नर्सिंगच्या वर्गात मुलगे थोडेच असतात. 'पुरुष, हॉस्टेल' एवढं निवडलं तरी नाव कळतं.

तोच विद्यार्थी दोन वेळा काय म्हणाला हे जोडायचं असेल तर त्याने स्वतः बनवलेला कोड वापरतात. पण आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारीख असला कोड नको. प्रवेश अर्जात हे सगळं ऑफिसकडे आहेच. जे ऑफिसला माहीत नाही असं काही घ्या, जसं शाळेतल्या पहिल्या मैत्रिणीच्या नावाचं शेवटचं अक्षर.

७. केव्हा विचारायचं

तीन वेळा विचारा, पण सगळे प्रश्न तिन्ही वेळा नाही.

पहिल्यांदा, भाग अर्ध्यावर आला की फक्त तीन प्रश्न. हे याच बॅचसाठी दुरुस्त करता येतं, म्हणून विद्यार्थी मनापासून लिहितात. दुसऱ्यांदा, स्किल लॅब संपल्यावर पूर्ण फॉर्म. तिसऱ्यांदा, वॉर्ड पोस्टिंग सुरू होऊन काही आठवडे गेल्यावर, चारपाच प्रश्न. व्हिडिओ खरंच कामाला आला का हे खऱ्या रुग्णाजवळ उभं राहिल्यावरच कळतं. लॅबमध्ये पाच दिलेली विद्यार्थिनी इथे तीन देते, आणि तिचं दुसरं उत्तर जास्त खरं असतं.

अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात, निकालाच्या दिवशी आणि नाइट ड्यूटीच्या दुसऱ्या सकाळी लिंक टाकू नका. वर्गातच दहा मिनिटं द्या, शिक्षकांनी बाहेर जावं. घरी भरायला सांगितलं की एक तर खूप खूश किंवा खूप चिडलेले तेवढेच भरतात.

*तपासा:* किती जणांनी भरला? ६० च्या वर्गात २० उत्तरं आली तर 'विद्यार्थी समाधानी आहेत' असं लिहिता येत नाही. 'उत्तर देणारे २० जण' असं लिहा, आणि बाकीचे ४० का आले नाहीत याचा शोध घ्या.

८. आकडे कसे वाचायचे

सरासरी सर्वांत शेवटी पाहा. ६० पैकी ३० जणांनी ५ दिले आणि ३० जणांनी १, तर सरासरी ३. सगळ्या ६० जणांनी ३ दिले तरी सरासरी ३. पहिल्या वर्गात दोन गट पडलेत, दुसऱ्यात सगळेच थंड आहेत. उपाय पूर्ण वेगळे. म्हणून प्रत्येक प्रश्नाचा साधा दांड्यांचा आलेख काढा आणि कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते लिहा.

दोन गट दिसले की ते कशावरून पडलेत ते शोधा. बऱ्याचदा ते हुशार आणि कमी हुशार असे नसतात. हॉस्टेलचं वायफाय मिळणारे आणि एसटीने येऊन-जाऊन करणारे असे असतात. मात्र दहाच्या खालच्या गटाचे आकडे वेगळे दाखवू नका, माणूस ओळखू येतो.

क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते दाखवणारा आकडा, काढायचाच असेल तर प्रत्येक भागाचा वेगळा काढा. ०.७ च्या वर असला तर बरं मानतात, ०.९५ च्या आसपास गेला तर तुम्ही बहुधा एकच प्रश्न चार वेळा विचारलाय. आणि चांगला अल्फा म्हणजे प्रश्नावली योग्य गोष्ट मोजते असं नव्हे. चुकीची गोष्टही ती सातत्याने मोजू शकते.

आता सर्वांत मोठा गैरसमज: समाधान म्हणजे शिकणं नव्हे. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः डोकं चालवायला लावणाऱ्या वर्गात विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, पण चाचणीत ते जास्त शिकलेले निघाले. सफाईदार लेक्चर ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, तर झगडताना उलट. ब्लेंडेडमध्ये तुम्ही विद्यार्थ्याला झगडायलाच लावता.

म्हणून समाधानाचा आकडा एकटा वाचू नका. शेजारी ऑस्कीची, म्हणजे कौशल्य करून दाखवण्याच्या परीक्षेची, चेकलिस्ट ठेवा: निर्जंतुक क्षेत्र राखलं का, नळीचा फुगा फुगवण्याआधी लघवी येते का पाहिलं का, रुग्णाचा पडदा ओढला का. समाधान कमी आणि हे टप्पे पक्के असतील तर तो घटक रद्द करू नका. त्याचा त्रास कशात आहे ते पाहा, बहुधा वेळेत. समाधान भरपूर आणि निर्जंतुकीकरणात मात्र चुका, हे जास्त धोक्याचं. व्हिडिओ गोड आहे पण हात शिकवत नाही. दोन्ही खालावलेले असतील तर तो घटक नव्याने बनवा.

मोकळ्या उत्तरांसाठी सॉफ्टवेअरची गरज नाही. दोघांनी वेगवेगळं वाचून गट पाडायचे आणि मग जुळवायचे. फक्त टोचणाऱ्या प्रतिक्रिया मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून 'हे कुणी लिहिलं असेल' असा खेळ चालू देऊ नका. अक्षर नसलं तरी भाषेवरून माणूस ओळखू येतो. अहवालात वाक्य जसंच्या तसं न देता आशय द्या.

९. विद्यार्थ्यांना परत सांगा, दोन आठवड्यांच्या आत

हा टप्पा जवळपास सगळीकडे गळतो, आणि पुढच्या वेळी फॉर्म न भरण्याचं मुख्य कारण हेच असतं. मोठा अहवाल नको. वर्गात पाच मिनिटं आणि नोटीस बोर्डावर एक पान पुरे. त्यावर तीन भाग: तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय बदलतोय, आणि काय बदलू शकत नाही व का. तिसरा भाग टाळू नका. 'मॅनिकिन दोनच आहेत, यंदा तिसरा मिळणार नाही, म्हणून संध्याकाळी पाच ते सहा लॅब उघडी ठेवतोय' हे लिहिलं की विद्यार्थी समजून घेतात.

बदल एका वेळी एक किंवा दोनच करा. व्हिडिओ, क्विझ आणि लॅबचा क्रम सगळं एकदम बदललंत, तर पुढच्या बॅचचा आकडा वर गेला तरी कशामुळे गेला ते कळणार नाही. कोणता बदल कोणत्या तारखेपासून केला त्याची नोंद पहिल्या टप्प्यातल्या त्याच चार रकान्यांच्या कागदावर, पाचवा रकाना आखून ठेवा. पुढच्या सत्रात फॉर्म बनवायला बसाल तेव्हा तो कागद आणि दुसऱ्या टप्प्यातली यादी समोर घ्या. जुन्या फॉर्मची प्रत काढून नुसतं वर्ष बदलू नका.